बिघाड

नगरपालिकेच्या नकाशावर या ओढ्याला नाव नाही,
आकडा आहे. चारशे बारा.
माझ्या कामाच्या कागदावर तर तोही नव्हता:
'डावा काठ. गवत. दोन तास.'

ऑकलंडला मार्चमध्ये उन्हाळा उतरणीला लागतो.
यंत्रावर बसलो, कान झाकले,
आणि बघतो तर गवतात घडीची खुर्ची,
खुर्चीत एक म्हातारी, मांडीवर उघडा डबा.
मी हात हलवला: बाजूला व्हा.
तिनं हात हलवला: खाली उतर.
अशी आमची ओळख झाली.

न्गाहुइया हेतराका. तीस वर्षं बस चालवलेली.
"ब्रेक कधी दाबायचा ते मला कळतं," म्हणाली,
"गुडघे टेक."
चर्चबाहेर मी कुणापुढे गुडघे टेकत नाही.
"मग ओणवा हो."
ओणवा झालो.

भांग पाडावा तसं तिनं गवत दुभागलं.
मुळाशी, ओल्या अंधारात,
खसखशीएवढे दाणे, काचेचे,
आणि एकेका दाण्यात दोन टिंबं.
"डोळे," ती म्हणाली. "तुझ्याकडेच बघतायत."

उधाणाच्या भरतीला पाणी काठ चढून गवतात शिरतं,
तेवढ्यात बोटभर इनांगा मासे येतात,
अंडी ठेवतात, निघून जातात.
पाणी उतरतं. अंडी मागे, उघड्यावर,
गवताच्या भरवशावर
पुढचं उधाण येईस्तोवर.
"आणि गवत कापलंस तर—"
तिनं चिमटीत मीठ चुरडल्यासारखं केलं.

त्या दिवशी कागदावर लिहिलं: पातं तुटलं.
पात्याला काहीएक झालं नव्हतं.
गुरुवारी: पट्टा निसटला.
पुढच्या आठवड्यात: तेलगळती, ओढ्याला धोका.
(हे लिहिताना थोडा अभिमानच वाटला.)
मग गुडघा. माझा.
ब्रेंट फोनवर हसला, "किटिओने,
यंत्र तुझ्याइतकंच म्हातारं झालं की रे."
हो म्हटलं.

समोरच्या घरातून तक्रार गेली, गवत माजलंय, उंदीर होतील.
उंदीर होतेच. पहाटे न्गाहुइया सापळे बघायची
वरच्या राईत: कहिकातेआची नऊ झाडं,
भोवती तार, तारेवर गंजकी पाटी.
मी म्हटलं, नऊ झाडांना कुणी जंगल म्हणतं का?
"दहा होती," ती म्हणाली, आणि सापळ्याला नवं लोणी लावलं.

एका मंगळवारी ओढा पांढरा झाला.
वरच्या गल्लीत कुणी भिंत रंगवून
ब्रश रस्त्याच्या गटारात धुतले होते.
अंडी पाण्याच्या वर होती, वाचली.
पुलाखाली एक वाम उलटी तरंगत होती, माझ्या हाताएवढी,
तिचं वय काय असेल कोण जाणे.
न्गाहुइया ओरडली नाही. बाटली भरली, तारीख घातली,
दारं वाजवत निघाली, मी मागे.
सहाव्या दारात एक पोरगा, नखांत रंग.
"पण ते तर गटार आहे ना?"
गटाराच्या पुढे काही असतं
हे त्याला ठाऊक नव्हतं.
मला तरी कुठे होतं? अकरा वर्षं
मी काठ कापला,
पाण्याकडे पाहिलं नव्हतं.

उधाण रात्री आलं.
आम्ही दोघं, एक विजेरी, तिचा डबा, डास.
पाणी मुकाट गवतात शिरलं.
दिसलं काहीच नाही.
"झालं?"
"झालं असेल."
"किती गेले?"
"उतरलेल्या प्रवाशाला मी कधी पत्ता विचारला नाही,"
म्हणाली, आणि विजेरी विझवली.

सोमवारी गवत कापलं.
पाण्यालगत दोन हात पट्टी तशीच सोडली.
ब्रेंटनं फोटो पाहून विचारलं, ते काय राहिलंय?
कागदावर जागा थोडीच होती.
मी लिहिलं: बिघाड. कायमचा.